इंजिनची टकटक : खोलण्याआधी ऐका

बीड जिल्ह्यात मोटारगाडी ही केवळ चैनीची वस्तू कधीच नव्हती. परळीला रेल्वे पूर्वीपासून आहे. परंतु खुद्द बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत दुकानाचा माल, लग्नाचे वऱ्हाड, दवाखान्याचा रुग्ण, सारे काही रस्त्यानेच जात होते, आणि आजही बव्हंशी रस्त्यानेच जाते. त्यामुळे आपल्याकडे दोन-अडीच लाख किलोमीटर धावलेली गाडी म्हणजे भंगार नव्हे. ती कोणाच्या तरी घराची रोजची चूल असते.

अशी गाडी एके दिवशी सकाळी वाजू लागते. टिक टिक टिक. मालक घाबरतो. दोन ठिकाणी विचारतो आणि दोन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, "चालू द्या हो, जुनी गाडी वाजतेच." दुसरा म्हणतो, "इंजिन गेले, खोलावे लागेल." दोघांनीही बॉनेट उघडून पाहिलेले नसते. पहिल्याचे ऐकले तर कधी कधी आठवड्याभरात इंजिनच्या ब्लॉकला भोक पडते. दुसऱ्याचे ऐकले तर पाव मिलिमीटरच्या फटीसाठी सगळे इंजिन टेबलावर येते आणि कर्जाचे दोन हप्ते थकतात.

आमच्या वाचकांत गाडी चालवून पोट भरणारे आहेत, तसेच गाडी दुरुस्त करून पोट भरणारेही पुष्कळ आहेत. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या व्यवसायांत जास्त दिसते, त्यांत वाहनांची विक्री-दुरुस्ती नोंदवलेली आहे. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. सांगायचे आहे ते इतकेच : इंजिन खोलणे ही तपासणीची पहिली पायरी नव्हे, शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या पायऱ्यांना वेळ लागतो, पैसा फारसा लागत नाही.

पहिली पायरी : ऑईल पाहा

इंजिनमधील बहुतेक ठिकाणी धातू धातूला थेट टेकत नाही. दोघांच्या मध्ये ऑईलचा पातळ थर असतो. तो थर कमी झाला की आवाज सुरू होतो. म्हणून आवाजाची चौकशी कानापासून नव्हे, ऑईलच्या काडीपासून सुरू करावी.

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा. काडी काढून पुसा, पुन्हा घाला आणि मग पाहा. बहुतेक मोटारींत काडीच्या खालच्या व वरच्या खुणेत साधारण एक लिटरचे अंतर असते. ऑईल खालच्या खुणेखाली असेल, तर घाटात किंवा वळणावर पंप हवा ओढतो आणि आवाज येतो. ऑईल वरच्या खुणेच्या बरेच वर असेल तरीही आवाज येऊ शकतो, कारण क्रँक त्या ऑईलमध्ये घुसळून फेस करतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. "जास्त टाकले तर बरेच" हा समज चुकीचा आहे.

ऑईल बोटांत चोळून पाहा. डिझेलचा किंवा पेट्रोलचा वास येऊन ते पाण्यासारखे पातळ लागले, तर इंधन खाली उतरत आहे. चहासारखा दुधाळ रंग दिसला तर पाणी मिसळल्याचा संशय घ्या. या दोन्ही वेळी नुसते नवे ऑईल टाकून भागत नाही. आधी कारण शोधावे लागते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते आणि रेडिएटरमध्ये बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी जाते. त्याचा क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतो. गाडी तापते, तापल्यावर ऑईल पातळ होते, आणि सकाळी शांत असणारे इंजिन मांजरसुंब्याचा घाट चढून आल्यावर वाजू लागते. अशा गाडीत टॅपेटला दोष देण्याआधी रेडिएटर पाहावा.

ऑईलचा लाल दिवा विझलेला आहे म्हणजे दाब उत्तम आहे, असे समजू नये. बहुतेक गाड्यांत हा दिवा दाब अगदीच खाली गेल्यावर लागतो. खरा दाब पाहायचा असेल तर त्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी मीटर लावावे आणि इंजिन गरम असताना मोजावे. जुन्या उस्तादांचा ढोबळ हिशेब असा, की गरम इंजिनला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंडाच्या आसपास दाब हवा. अंतिम आकडा मात्र त्या त्या कंपनीच्या पुस्तकातलाच धरावा. दाब कमी निघाला, तर वरचे टॅपेट वाजत असले तरी आजार खाली, बेअरिंगमध्ये किंवा ऑईल पंपात असू शकतो.

दुसरी पायरी : ताल ओळखा

इंजिनमध्ये दोन ताल चालतात. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. गाडी उभी असताना इंजिनच्या मिनिटाला ८०० फेऱ्या होत असतील, तर एखादा व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. क्रँक तेवढ्याच वेळात तेरा फेऱ्या करतो. कानाने मोजता येत नाही, पण फरक मात्र जाणवतो. व्हॉल्व्हकडचा आवाज हलका, कोरडा आणि काहीसा संथ असतो, शिलाई मशीनसारखा. क्रँककडचा आवाज जड आणि दाट असतो, हातोड्याने आतून ठोकल्यासारखा.

डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाडीत टायमिंग लाइटने याची खात्री करता येते. पहिल्या प्लगच्या वायरला लावलेला हा दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. प्रत्येक चमकेला एक टक असा मेळ बसला, तर आवाज बहुधा व्हॉल्व्हच्या बाजूचा आहे. एका चमकेला दोन ठोके ऐकू आले, तर खाली पाहावे लागेल.

तालाबरोबर वेळही विचारा. चांगला मिस्त्री पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारतो.

"मिस्त्री, गाडी वाजतेय."

"कधी वाजते भाऊ? सकाळी चालू करताना, का गरम झाल्यावर?"

"सकाळी. पाच मिनिटांनी थांबते."

"आणि घाटात, लोड आल्यावर?"

"नाही, तेव्हा नाही."

या चार वाक्यांत अर्धे निदान झाले. थंड असताना खालून दबका आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो, तो बहुतेक पिस्टनचा असतो. झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन कडेवर आपटतो, तापल्यावर फुगतो आणि शांत होतो. अशी गाडी ऑईल खात नसेल आणि धूर देत नसेल, तर पुष्कळ दिवस चालते. याउलट थंड असताना शांत आणि गरम झाल्यावर, विशेषतः लोड आल्यावर वाजणारा जड आवाज बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त असते.

तिसरी पायरी : जागा शोधा

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लांब लोखंडी सळई किंवा मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. टोक इंजिनवर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवावी. टॅपेट कव्हर, हेड, ब्लॉकची बाजू, खालचे ऑईल चेंबर आणि समोरचे चेन कव्हर अशा क्रमाने ऐकत जावे. जिथे आवाज सर्वांत टोकदार लागतो, तिथे किंवा त्याच्या जवळ दोष असतो. हे करताना गळ्यात रुमाल, सैल बाही किंवा लोंबणारी वायर नको. पंखा आणि बेल्ट चालू असतात, हे क्षणभरही विसरू नये.

जे आवाज इंजिनच्या पोटातले नसतात, ते याच वेळी बाजूला काढावेत. पट्टा काढून इंजिन थोडा वेळ चालवले आणि आवाज थांबला, तर दोष डायनामो-अल्टरनेटर किंवा पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगचा. मात्र ज्या गाडीत टायमिंगही पट्ट्यावर आहे, त्या टायमिंग पट्ट्याला हात लावू नये. क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर क्लच किंवा फ्लायव्हीलकडे पाहावे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅसकेट फुटली तर हुबेहूब टॅपेटसारखी टकटक होते. ती थंड इंजिनला आणि लोडवर जास्त असते. धातू तापून फुगला की कमी होते. जोडाजवळ काळी काजळी दिसली तर गुन्हेगार सापडला. डिझेल इंजिनमध्ये नोझलच्या खालची तांब्याची वायसर गळू लागली, तरी अशीच चकचक होते आणि नोझलभोवती काळा कार्बन साचतो. अशा वेळी टॅपेट आवळत बसल्याने काहीही साधत नाही.

चौथी पायरी : एकेक सिलिंडर बंद करून पाहा

जुन्या डिझेल गाडीत, म्हणजे साधा पंप असलेल्या जीप, सुमो, ट्रॅक्सच्या पिढीत, नोझलचा पाइप नट एकेक करून किंचित सैल केला की तो सिलिंडर बंद पडतो. जुन्या पेट्रोल गाडीत प्लगची वायर इन्सुलेशनच्या पकडीने काढून बॉडीला टेकवली की तेच होते. एखादा सिलिंडर बंद करताच जड आवाज कमी झाला, तर दोष त्याच सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये किंवा पिस्टनमध्ये असतो. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा व्हॉल्व्हच्या बाजूला पाहावे.

येथे एक कडक सूचना. कॉमन रेल डिझेल गाडीत चालू इंजिनचा पाइप कधीही सैल करू नये. त्या पाइपमध्ये हजार बारपेक्षाही जास्त दाब असतो. बारीक धार कातडीतून आत घुसते, जखम सुईएवढी दिसते आणि हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा गाडीत स्कॅनरने सिलिंडर बंद करावा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या पेट्रोल गाडीतही नुसता प्लग बंद ठेवून इंजिन चालवू नये. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

टॅपेटची फट

व्हॉल्व्ह तापला की लांबीने वाढतो. त्या वाढीसाठी रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. अँबॅसिडर, पद्मिनी यांच्यासारख्या पुशरॉडच्या गाड्या असोत की कॅमशाफ्ट वर असलेली मारुती ८०० असो, ही फट स्क्रू आणि नटाने लावतात. झीज होत जाते तशी फट वाढते आणि टिकटिक सुरू होते.

पुष्कळ ठिकाणी आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळतात. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. हे काम घातक आहे. सैल टॅपेट ओरडतो, पण गाडी चालत राहते. फार आवळलेला टॅपेट मुका असतो, परंतु व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून बाहेर जात असते. तो मार्ग तुटला की व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावे लागते. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाड्यांत सीट जास्त झिजून फट आपोआप कमी होऊ शकते. म्हणून तिथे शांततेवर विसंबू नये, ठरावीक अंतराने फट मोजावी.

मोजणी कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या तापमानाला, थंड किंवा गरम, फीलर गेजनेच करावी. पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्हच्या अनेक जुन्या इंजिनांत नऊच्या बेरजेचा नियम उपयोगी पडतो : १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना ८ नंबरची फट लावावी, ३ दाबलेला असताना ६ ची. बेरीज नेहमी नऊ.

फट बरोबर लावूनही टिकटिक राहिली, तर रॉकरचे तोंड पाहा. त्यात खड्डा पडलेला असेल, तर सरळ पट्टी खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खरी फट दिसतच नाही. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा फट वाढत असेल, तर कॅमचा उंचवटा किंवा रॉकर शाफ्ट झिजत आहे. तिथे नुसते सेटिंग करून पैसे घेणे बरोबर नाही.

हायड्रॉलिक टॅपेट आणि चेन

नव्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत फट लावण्याचा स्क्रूच नसतो. स्विफ्ट-डिझायरमध्ये बरीच वर्षे आलेले १.३ लिटर डिझेल इंजिन हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तिथे टॅपेटमध्ये ऑईल भरून फट आपोआप मिटते. रात्रभर उभ्या गाडीत ते ऑईल खाली उतरते, म्हणून सकाळी दोन-चार सेकंद टिकटिक झाली तर काळजी नको. ती मिनिटभर टिकली किंवा गरम झाल्यावरही राहिली, तर क्रमाने पाहावे : ऑईलची पातळी, ऑईलची ग्रेड, फिल्टर अस्सल आहे की नाही, दाब, आणि सर्वांत शेवटी टॅपेट. नकली फिल्टरमध्ये ऑईल अडवून ठेवणारी रबराची पडदी नसली किंवा निकृष्ट असली, तर रोज सकाळी इंजिन कोरडे चालू होते.

याच इंजिनमध्ये टायमिंगची चेन आहे. समोरच्या कव्हरमधून, विशेषतः चालू करताना, साखळी ओढल्यासारखा खरखराट आला, तर तो टॅपेट समजून सोडू नये. चेनचा ताण ऑईलच्या दाबावर असतो. चेन सुटली किंवा दात ओलांडून सरकली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो.

जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनमध्ये रॉकेल किंवा डिझेल टाकून "फ्लशिंग" करण्याची पद्धत आहे. त्याने गाळ एकदम सुटतो, पंपाच्या जाळीत अडकतो आणि बरे इंजिन जाम होऊ शकते. त्यापेक्षा योग्य ग्रेडचे ऑईल आणि फिल्टर दोन-तीन वेळा लवकर लवकर बदलावे.

धोक्याचा आवाज

वाचकांनी एक आवाज पक्का लक्षात ठेवावा. गरम इंजिन, दोन हजार फेऱ्यांच्या आसपास. अॅक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना खालून जड खट-खट-खट. हा बहुधा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज आहे. त्यासोबत ऑईलचा दिवा लागला, तर गाडी तिथेच बंद करावी. "धारूरपर्यंत जाऊ, मग पाहू" असे करू नये. टोचन लावून आणावी. वेळीच थांबलात तर बेअरिंगचे हाफ बदलून, फार तर क्रँक दहा-वीस थाऊ घासून काम होते. ओढत नेलीत तर रॉड तुटून ब्लॉक फोडतो, आणि मग दुरुस्तीला काही शिल्लक राहत नाही.

संशय असेल तर जुना ऑईल फिल्टर बाहेरच्या बाजूने कापून त्यातला कागद उघडा पसरावा. लोहचुंबक फिरवावा. चिकटणारा चुरा लोखंडाचा, म्हणजे कॅम, चेन, रिंग इकडचा. न चिकटणारी तांबूस-करडी चमक बेअरिंगची. हा पुरावा गिऱ्हाइकालाही डोळ्यांनी दिसतो.

जुनी गाडी घेताना आणि विकताना

सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने पहाटे, इंजिन थंड असताना जावे. बॉनेटला हात लावून पाहावा. आधीच गरम असेल, तर "उद्या येतो" म्हणावे. काही जण जाड ऑईल किंवा डब्यातले औषध टाकून आवाज दाबतात. तो दबाव हजार-दोन हजार किलोमीटरही टिकत नाही. काडीवरचे ऑईल गोंदासारखे घट्ट दिसले, तर विचारावे की हे का टाकले.

विकणाऱ्यालाही सांगणे आहे. टिकटिक आहे हे सांगून गाडी विकली, तर थोडे पैसे कमी येतील. ऐब झाकून विकली, तर नफा एकदाच होतो आणि बाजारातले नाव कायमचे जाते. ज्या धंद्यात शब्दावर सौदा होतो, तिथे हा तोट्याचाच व्यवहार आहे.

गिऱ्हाईक आणि मिस्त्री

गिऱ्हाइकाने "किती लागतील?" याआधी "कशावरून म्हणता?" हे विचारावे. आणि मिस्त्रीने त्या प्रश्नाचा राग मानू नये. दाब किती निघाला, कोणता सिलिंडर बंद केल्यावर आवाज कमी झाला, फट किती होती, हे तीन आकडे बिलाच्या मागे लिहून द्यावेत. बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून परत द्यावेत. यात कमीपणा नाही, त्याने विश्वास वाढतो.

कारखान्यात पोरांना कान तयार करायला शिकवावे, पण त्याबरोबर फीलर गेज, मीटर आणि मायक्रोमीटर हातात द्यावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा किंवा डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आहेत आणि स्कॅनरशिवाय त्यांचे पुष्कळसे काम होत नाही. परंतु झिजलेल्या रॉकरचा कोड स्कॅनर सहसा दाखवत नाही. तिथे आजही सळई, कान आणि सबुरीच कामाला येते.

गाडी वाजली की घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. काडी पाहा, ताल ऐका, जागा शोधा, मोजा. एवढे झाल्यावरही खोलावे लागले, तर निदान का खोलतो आहोत, हे मालकालाही ठाऊक असेल आणि मिस्त्रीलाही.